काजळीसकट

मोडका गिझर जसाच्या तसा भंगारवाल्याच्या हवाली करणारी माणसं मला कायम भाबडी वाटत आली. आत तांबं असतं आणि ही मंडळी ते पत्र्याच्या भावानं घालवतात! लोखंडाची घनता ७.८७ आणि तांब्याची ८.९६, हे मला कॉलेजापासून पाठ. अशा माणसाला काट्यावर कोण गंडवणार? म्हणून आमचा गिझर भिंतीवरून उतरताच मी छिन्नी-हातोडी घेऊन गच्चीवर ठाण मांडलं.

वरचा पत्रा निघाला. मग पिवळा फोम, त्याचा भुगा अजून माझ्या चष्म्याच्या घरात आहे. मग टाकी, आणि तिला चुंबक टकन चिकटला. साधं पोलाद, आतून काचेचा मुलामा दिलेलं. सोबत मॅग्नेशियमच्या कांडीची उरलेली तार. टाकीऐवजी आपण गंजायचं एवढंच त्या कांडीचं काम, आणि ते तिनं चोख बजावलं होतं. बोअरच्या पाण्याचा चुना खरवडल्यावर एलिमेंटची नळी तेवढी तांब्याची निघाली. तिच्याही पोटात पांढरी पूड.

भंगारवाल्यानं ती बोटावर तोलली. "काका, अख्खा ठेवला असता तर रिपेरिंगवाल्यानं घेतला असता," तो म्हणाला. मी त्याला घनता सांगितली. त्यानं ऐकून घेतली.

तांबं असावं तर बंबात! नरसाळ्यातून गार पाणी ओतावं, तोटीतून तेवढंच कढत यावं. थर्मोस्टॅट नाही, व्हॉल्व्ह नाही, वॉरंटी तर नाहीच. तांबट आळीत ठोकून ठोकून घडवलेलं ते पोट, मधून गेलेलं धुराडं, खाली करवंट्यांचा जाळ, अंगाला धुराचा वास... बंबावर मी तासभर बोलू शकतो, लग्नाच्या पंगतीत बोललोही आहे. हल्ली हॉटेलांच्या दारात बंबात मनीप्लांट लावलेला दिसतो आणि माझ्या वयाचे लोक त्यापुढे उभे राहून गहिवरतात.

गहिवरणारे सगळे पुरुष असतात. बंबाच्या आठवणीनं डोळे पुसणारी बाई मला अजून भेटायची आहे. बाईचे डोळे तेव्हाच पुसून झालेले असतात, पहाटे ओल्या गोवऱ्या फुंकताना. राख उपसायची आईनं, चिंच-मीठ लावून घासायचा आईनं, आणि सगळ्यांच्या आंघोळी उरकल्यावर तिच्या वाट्याला कोमट पाणी. आमच्यासारख्यांनी त्यात फक्त 'पाणी तापलं का?' एवढी भर घातली. मला या गहिवराची मनापासून चीड येते, माझ्या स्वतःच्यासुद्धा.

मी होस्टेलवर असताना तिनं बंब मोडीत काढला. सुट्टीत आल्यावर मी हळहळलो, निदान विचारायचं तरी, म्हणालो. "विचारून काय, पाचाला उठणार होतास?" असं म्हणून ती पोळ्या लाटू लागली.

पुढचं वडिलांनी सांगितलं. मोडवाला काजळीची घट धरून वजन कमी लावत होता. आईनं बंबावरचा हात काढला नाही. "काजळी माझी आहे," ती म्हणाली, "तिचेही पैसे पडतील."

त्यानं दिले.