सदुसष्ट कोटींचा पिवळा रंग

"वहिनी, तुमचा थोरला सकाळपासून गच्चीवर बसलाय. बरा आहे ना?"

"त्याला काय धाड भरलीय! कॅनव्हास पिवळा करून ठेवलाय अन् बघत बसलाय. झाड नाही, डोंगर नाही. विचारलं तर म्हणतो, गायतोंडे असेच बसायचे. हे कोण हो?"

"चित्रकार वासुदेव गायतोंडे! मूळचे गोव्याचे, जन्म नागपूरचा, १९२४ चा. वाढले गिरगावच्या चाळीत, शिकले जे. जे.ला. माझ्या भाच्याकडं त्यांच्यावरचं 'चिन्ह' कला-अंकवाल्यांचं जाडजूड पुस्तक आहे. वर्षाला पाच-सहा चित्रं करायचे फक्त. बाकी वेळ बसून राहायचं."

"अन् पोट?"

"भागायचं कसंतरी. लग्न केलं नाही, घरच्यांशी संबंध तोडले. न्यूयॉर्क बघून आले, १९७१ ला पद्मश्री मिळाली, तरी राहिले दिल्लीत निजामुद्दीनला, भाड्याच्या खोलीत. लोक तुसडा म्हणायचे."

"डोक्यावर परिणाम झाला असंल."

"छे हो! माणसांचा कंटाळा म्हणजे वेड नव्हे. तसं असतं तर आपली निम्मी गल्ली येरवड्याला गेली असती. अन् हात काय तयार! रोलर फिरवायचे, पट्टीनं रंग खरवडायचे, कागदाचे फाटके तुकडे लावून रंग उठवायचे."

"रोलर? म्हणजे आपला डिस्टेंपरवाला पेंटर मारतो तसा?"

"रोलरच, पण थरावर थर चढवून आतून उजेड आल्यासारखं दिसायचं. मग १९८४ ला अपघात झाला, मान दुखावली. मोठे कॅनव्हास काही वर्षं बंदच पडले. कागदावर शाईनं बारीक रेघा ओढत बसायचे. मला विचाराल तर खरा त्रास तो. एकटेपणा त्यांनी स्वतःच निवडलेला. शेवटी तर ब्रशही सोडला. चित्रं डोक्यातच करतो म्हणायचे."

"हे आमच्या कार्ट्याला नका सांगू. डोक्यातच करत बसंल."

"२००१ ला गेले. अन् २०२५ मध्ये त्यांचं १९७० चं एक चित्र लिलावात गेलं, सदुसष्ट कोटींना."

"सदुसष्ट! अहो, ह्यांच्या रोलिंग मिलमधल्या सगळ्या भंगाराला येत नसतील एवढे! त्यांच्या हाती काय लागलं यातलं?"

"छदाम नाही."

"मग थांबा. पोराला आधी ड्रॉइंग मास्तरकीचा फॉर्म भरायला लावते. बसायचं तर पगार घेऊन बस म्हणावं… अन् ते पुस्तक द्या बरं भाच्याकडून मागून. ह्यांना दाखवायचंय."