जोडणीविना पाली

निवासी वाहनाचा, म्हणजे ज्यात झोपण्याची, स्वयंपाकाची आणि शौचाची सोय केलेली असते अशा कॅम्परचा मुक्काम दोन प्रकारचा असतो. पहिल्या प्रकारात वाहन थांबताच त्याला वीज, पाणी आणि सांडपाणी अशा तीन जोडण्या मिळतात आणि घर सोडून आलेल्या कुटुंबाला अगदी घरच्याप्रमाणे एकमेकांवर वैतागता येते. दुसऱ्या प्रकारात या तिन्हींपैकी एकही मिळत नाही आणि जे बरोबर आणले असेल त्यावरच निभावून न्यावे लागते. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण मंजूर केले असून पहिल्या प्रकारच्या मुक्कामासाठी सुसज्ज तळ उभारले जावेत अशी कल्पना त्यात आहे; परंतु धोरण मंजूर होणे आणि आपल्याला हव्या त्या गावी नळ सापडणे यांमध्ये जो काळ जातो, त्या काळात ज्यांच्या सुट्ट्या येतात त्यांना दुसऱ्या प्रकाराचाच अभ्यास करावा लागतो.

मुंबई-पुण्याकडील कुटुंबाने अशा पहिल्या सहलीसाठी रायगड जिल्ह्यातील पाली निवडावी, यामागे योगायोगापेक्षा मतदानाचा भाग अधिक असतो. सुधागड तालुक्याचे हे मुख्य ठिकाण खोपोलीहून वाकणकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. अष्टविनायकांपैकी बल्लाळेश्वराचे देऊळ तेथे असल्यामुळे ज्येष्ठांचे मत मिळते, सरसगड गावाच्या डोक्यावर उभा असल्यामुळे तरुणांचे मिळते आणि देवळाबाहेरच्या दुकानांत पोह्याचे पापड व मिरगुंडे मिळत असल्यामुळे उरलेल्यांचे मिळते. पावसाळा मात्र सर्वानुमते वगळला जातो, कारण वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या या जिल्ह्यात जुलै महिन्यात पाण्याची जोडणी आकाशातूनच मिळते आणि ती बंद करण्याची तोटी कोणाच्याही हाती नसते.

जोडणीविना राहण्याची कला या परिसराला नवी नाही. तालुक्यातील ठाणाळे आणि खडसांबळे येथील लेण्यांत ज्या बौद्ध भिक्षूंनी वर्षावास केले, त्यांना नळाचे पाणी कोणी दिले नव्हते. पश्चिम महाराष्ट्रातील अनेक लेण्यांच्या शिलालेखांत खडकात खोदलेल्या पाण्याच्या टाक्याला ‘पोढी’ म्हटलेले आढळते आणि ती कोणाच्या दानातून झाली त्याचे नावही कोरलेले असते, यावरून टाकीचा खर्च कोणी करायचा हा प्रश्न किती प्राचीन आहे हे ध्यानात येते. सरसगडाच्या कातळातही पाण्याची टाकी आहेत. याच जिल्ह्यातील वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली दक्षिणा मिळवण्यासाठी उत्तरेकडे निघाले, ऐन बंडात सापडले, आणि इतके होऊनही आईवडिलांसाठी गंगाजलाची कावड, म्हणजे खांद्यावरील बांबूच्या दोन टोकांना टांगलेली पाण्याची भांडी, घेऊन घरी परतले. तेव्हा शंभर लिटर पाण्याच्या ओझ्याने गाडीचे मायलेज कमी होते अशी तक्रार करणाऱ्या चालकाने निदान रायगड जिल्ह्याच्या हद्दीत तरी ती हळू आवाजात करावी हे बरे.

हौसेखातर फिरत्या घराने हिंडण्याची पाश्चात्त्य परंपरा मात्र याहून पुष्कळच सुखासीन आहे. इंग्लंडमध्ये १८८५ साली गॉर्डन स्टेबल्स या नौदलातील निवृत्त डॉक्टरांनी ‘वॉन्डरर’ नावाचे जे लाकडी फिरते घर बांधून घेतले, त्याला दोन घोडे लागत. बरोबर एक गाडीवान आणि एक नोकर असे, त्यांपैकी नोकर समोरून येणाऱ्यांना सावध करण्यासाठी तीनचाकी सायकलवरून पुढे पाठवला जाई, आणि आत पुस्तकांचे कपाट, चिनी मातीच्या भांड्यांचे कपाट, एक मोठा कुत्रा व एक काकाकुवा इतका परिवार सुखाने नांदत असे. सामान कमी करा असा उपदेश करणाऱ्या परंपरेचा मूळपुरुषच असा निघाल्यामुळे, आजींनी सोबत घ्यावयास सांगितलेल्या पाटा-वरवंट्याला नकार देण्याचा नैतिक अधिकार कुटुंबात कोणाकडेही उरत नाही. तो पाटा पुढे उपयोगी पडतो, ही गोष्ट वेगळी.

तयारीचा आरंभ पाण्याच्या हिशेबाने होतो. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो असल्यामुळे शंभर लिटरची टाकी भरणे म्हणजे दोन न जेवणारे, न बोलणारे प्रवासी गाडीत घेण्यासारखे असते. शिवाय टाकी अर्धवट भरलेली असेल तर बोरघाटातील प्रत्येक वळणावर आतले पाणी हिंदकळून गाडीच्या तोलात लक्ष घालते. पाच माणसांच्या कुटुंबाला पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी दिवसाला पंचवीसएक लिटर पाणी लागते. शॉवरच्या साध्या झारीतून मिनिटाला सात-आठ लिटर पाणी वाहते, त्यामुळे शॉवरखाली उभे राहून विचार करण्याची सवय असलेल्या एका सुशिक्षित तरुणाला साऱ्या कुटुंबाची टाकी संपवण्यास पाव तासही लागत नाही, तर बादली आणि तांब्या घेऊन बसलेल्या त्याच्या आजोबांचे स्नान स्तोत्रासह पंधरा लिटरांत आटोपते. कॅम्परविषयीच्या परदेशी पुस्तकांत अंग ओले करून पाणी बंद करावे, साबण लावावा आणि मग पुन्हा पाणी सोडावे अशी जी युक्ती नौसैनिकांच्या नावाने सांगितलेली असते, ती तांब्याच्या वापरात आपोआपच अंतर्भूत आहे. तरीही पाच बादल्या म्हणजे पंचाहत्तर लिटर होतात, आणि म्हणून विचारी कुटुंब अंघोळीचे खाते टाकीवर न लिहिता पालीपासून तीनेक किलोमीटरवर असलेल्या उन्हेऱ्याच्या गरम पाण्याच्या कुंडांवर लिहिते. जमिनीतून गंधकाच्या वासासह येणाऱ्या त्या पाण्याला ना गीझर लागतो ना वायर, मात्र तेथे साबण काढायचा नसतो, हे मुलांना घरूनच बजावून न्यावे लागते.

खरा अपव्यय भांड्यांत असतो. वांग्याच्या रश्श्याची तेलकट कढई एकटी आठ-दहा लिटर पाणी पिऊन पुन्हा तेलकटच राहते, त्यामुळे भांडी आधी कागदाने पुसून मग धुवावीत असा नियम केला जातो. आणि उष्टे म्हणजे काय, याविषयी तीन पिढ्यांची तीन मते असल्यामुळे तो पहिल्याच जेवणानंतर मोडीत निघतो. यावर जुन्या गृहिणींनी काढलेला तोडगा असा की, मुळात कढईच लागू नये. पिठात पाण्याऐवजी दूध घालून केलेल्या आणि त्यामुळे प्रवासात टिकणाऱ्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट आणि लिंबाचे लोणचे या चौघांना तिन्हींपैकी कोणतीही जोडणी लागत नाही. पाण्याच्या चोरीचा प्रश्न यंत्रानेच सोडवलेला असतो: कॅम्परमधील नळ उघडताच बारा व्होल्टचा छोटा पंप घुरघुरू लागतो, त्यामुळे मध्यरात्री कोणी किती वेळ हात धुतले हे सर्व अंथरुणांना कळते आणि अंधारातून “नळ बंद करा” असा आवाज येतो, जो कोणाचा आहे हे सांगण्याची गरज नसते.

विजेचा हिशेब याहून अवघड असतो, कारण पाणी निदान डोळ्यांना दिसते. बारा व्होल्ट आणि शंभर अँपिअर-तास क्षमतेच्या बॅटरीत बाराशे वॉट-तास ऊर्जा असते, म्हणजे बाराशे वॉटचे उपकरण फार तर एक तास चालेल एवढी. पण बॅटरी शिसे-आम्लाची, म्हणजे घरच्या इन्व्हर्टरला असते त्या जातीची असेल, तर ती निम्म्याहून खाली उतरवल्यास तिचे आयुष्य झपाट्याने घटते, त्यामुळे हाताशी सहाशेच उरतात. लिथियमची बॅटरी बरीच अधिक खोलवर वापरता येते, परंतु तिची किंमत ऐकल्यावर शिसे-आम्लाचे गुण नव्याने दिसू लागतात. त्या सहाशेंपैकी पाचशेच्या आसपास वॉट-तास लहानसा फ्रिज चोवीस तासांत खातो. राहिलेल्या शंभरांत दिवे, पंखा आणि पाच मोबाइल बसवायचे असतात. येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे: पाचशे वॉटचा मिक्सर पाच मिनिटे फिरवल्यास चाळीसएक वॉट-तासच खर्च होतात, म्हणजे हिशेबात तो निरपराध आहे, परंतु मोटर सुरू होण्याच्या क्षणी ती नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढते आणि सहाशे वॉटचा लहान इन्व्हर्टर शिट्टी वाजवून बंद पडतो. खोबऱ्याची चटणी त्या क्षणी अर्धवट वाटलेली असते. अशा वेळी आजी काही बोलत नाहीत, फक्त पाटा कुठे ठेवला आहे ते विचारतात.

खर्ची पडलेली वीज भरून काढण्यासाठी टपावर सौर तावदाने बसवतात. शंभर वॉटचे एक तावदान निरभ्र दिवशी साधारण चारशे वॉट-तास देते, मात्र त्यावर फांदीची थोडीशी सावली पडली तरी उत्पादन सावलीच्या प्रमाणाबाहेर घसरते. या भौतिक नियमातून निवासी वाहनाच्या साऱ्या इतिहासातील सर्वांत दीर्घ कौटुंबिक वाद जन्मतो. कोकणातील ऊन ज्यांना ठाऊक आहे ते ज्येष्ठ सदस्य गाडी आंब्याखालीच लावा म्हणतात, कारण आत माणसे बसणार आहेत. तांत्रिक बाजू सांभाळणारा जावई गाडी उघड्या माळावर लावा म्हणतो, कारण पंखा चालायचा आहे. आणि उन्हात लावल्यामुळे पंखा लागतो व सावलीत लावल्यास पंखाच लागत नाही, हे दोघांच्याही लक्षात आले तरी तोपर्यंत वाद तत्त्वाचा झालेला असतो. सुज्ञ कुटुंबे तावदान सुटे ठेवून लांब वायरीने उन्हात मांडतात आणि सासरे व जावई या दोघांनाही सावलीत बसवतात.

गॅसविषयी फार लिहिण्याजोगे नाही. पाच किलोचे लहान सिलिंडर दोन-तीन दिवसांना पुरून उरते. हा वायू हवेपेक्षा जड असल्यामुळे गळती झाल्यास तो खाली जमिनीलगत साचतो, म्हणून वाहनाच्या तळाशी झरोका असणे आणि गळती ओळखणारे यंत्र छताला न लावता पायाशी लावणे आवश्यक असते, आणि या एका बाबतीत विनोद न करणेच श्रेयस्कर होय.

एवढी तयारी झाल्यावर जाणकार रंगीत तालमीचा आग्रह धरतात. तालीम म्हणजे वाहन घरापाशीच उभे करून, घरात पाऊल न टाकता, कोणतीही जोडणी न घेता एक रात्र त्यात काढणे. विसरलेली वस्तू पालीत आठवण्यापेक्षा पार्किंगमध्ये आठवलेली बरी, हा त्यामागचा हेतू असतो आणि तो निर्विवाद आहे. परंतु ज्या देशांत ही प्रथा रूढ झाली तेथे गृहनिर्माण सोसायटी नसते. डोंबिवलीतील किंवा कोथरूडमधील कुटुंब स्वतःच्याच इमारतीखाली गाडीत झोपले आहे, ही वार्ता वॉचमनमार्फत दहा मिनिटांत चौथ्या मजल्यावर जाते. प्रथम घरात पेस्ट कंट्रोल आहे का अशी चौकशी होते, मग सासू-सुनेचे बिनसले का अशी न विचारता केलेली चौकशी होते, सचिव पार्किंगचे नियम वाचून दाखवतात आणि समोरच्या काकू, बिचारी मुले उपाशी राहू नयेत म्हणून, पोह्यांची कढई घेऊन खाली येतात. तालमीतून निष्पन्न होणारे ज्ञान त्यामुळे बॅटरीविषयी अल्प आणि शेजाऱ्यांविषयी विपुल असते.

प्रत्यक्ष पालीत, आणि तेही संकष्टी, माघी चतुर्थी व शनिवार-रविवार टाळून पोहोचल्यास, पहिला दिवस हिशेबाबरहुकूम जातो. आधी धुंडीविनायकाचे आणि मग बल्लाळेश्वराचे दर्शन होते, चिमाजी अप्पांनी वसईच्या १७३९ च्या विजयानंतर आणलेल्या घंटांपैकी एक म्हणून सांगितली जाणारी घंटा मुलांना दाखवली जाते, आणि बाजाराच्या अरुंद रस्त्यात सहा मीटरची गाडी वळवताना मिळणारे सल्ले विनामूल्य असतात. अडचण दुसऱ्या दिवशी दुपारी उद्भवते. शौचकुपीच्या खाली वीसएक लिटरची काढता येण्याजोगी पेटी असते, तिला जाणकार काळ्या पाण्याची टाकी म्हणतात आणि ती रिकामी करण्याची शिक्षा कर्त्या पुरुषाला होते. पाच माणसांत ती दोन दिवसांच्या आतच भरते, आणि ती अंबा नदीत, ओढ्यात किंवा शेताच्या बांधावर ओतणे हे अपराध आणि निलाजरेपणा अशा दोन्ही सदरांत मोडते. ती ओतायची तर मैल्याची टाकी असलेल्या एखाद्या शौचालयातच, आणि तेही मालकाच्या संमतीने.

कॅम्परच्या शास्त्रात न सांगितलेली चौथी जोडणी येथे कामास येते, ती म्हणजे ओळख. वीज नसेल तर मराठी कुटुंब मेणबत्ती लावते, पाणी नसेल तर हंडा आणते, पण अनोळखी गावात कोणाचीच ओळख नाही ही अवस्था त्याला चोवीस तासांच्या वर सोसत नाही. मग पापडाच्या दुकानात “कुठले म्हणायचे आपण?” या प्रश्नाने आरंभ होतो, आडनावावरून गावाकडे आणि गावावरून सासुरवाडीकडे चौकशी सरकते, आणि तिसऱ्या टप्प्यापर्यंत दुकानदारांची आत्या या कुटुंबाच्या मावसभावाकडे पेणला दिलेली निघते. पेटीचा प्रश्न त्यानंतर अर्ध्या तासात, परसदारी, एक बादली फिनेलसह सुटतो. मात्र ज्यांनी आपले एवढे काम केले त्यांच्या घरी न जेवता जाणे शक्य नसते, आणि जेवल्यावर रात्री रस्त्याकडेला झोपणे यजमानांना शोभत नाही. गाडी अंगणात घेतली जाते. कुटुंब मोठ्या निर्धाराने गाडीतच झोपण्याचे ठरवते. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या खिडकीतून, कोणीही न मागता, लाल रंगाचा एक्स्टेन्शन बोर्ड बाहेर येतो आणि पाठोपाठ हिरवी पाण्याची नळी. ती रात्र जोडणीविना काढलेल्या रात्रींत मोजावी की नाही याविषयी सासरे आणि जावई यांच्यात अद्याप मतभेद आहेत. आजींनी मात्र बोर्ड दिसताच घरून आणलेला दुसरा मिक्सर बाकाखालून बाहेर काढला.