गादीवर दोन राक्षस

जवळा बाजारच्या मोंढ्यात आडत दुकानात कॉम्प्युटर आणणारे आमचे अण्णा पहिले की दुसरे, यावर अजून वाद आहे. तो बंद पाडणारा मी पहिला, यावर मात्र कुणाचंच दुमत नाही.

१९९८ च्या दिवाळीला परभणीहून ते धूड आलं. पेन्टियम एमएमएक्स, ३२ एमबी रॅम, विंडोज ९८. अण्णांना हिशेब त्यावर न्यायचे होते. मुनीमकाकांनी मॉनिटरला हळदकुंकू वाहिलं आणि पुन्हा लाल वहीत डोकं घातलं. मार्चमध्ये माझी बारावीची परीक्षा संपली. 'टॅली शिकतो' या बोलीवर मागच्या खोलीची किल्ली मला मिळाली. महिनाभरात मी टॅलीत तीन नोंदी केल्या. त्यातल्या दोन चुकल्या.

बाकीचा वेळ गेममध्ये गेला. परभणीत तेव्हा एकाच सीडीवर ढीगभर गेम भरून मिळायचे. ते चोरीचे असतात हे मला ठाऊक होतं, पण त्याचा त्रास होत नव्हता. रोड रॅशमध्ये मी साखळीनं पोलिसांना हाणायचो. एज ऑफ एम्पायर्समध्ये धान्य संपलं की 'पेपरोनी पिझ्झा' एवढं टाईप करायचं, खात्यात हजार धान्य जमा. ना आडत, ना हमाली, ना तोलाई. पेपरोनी म्हणजे वांग्याच्या कुळातली भाजी असावी, असा माझा बरीच वर्षं समज होता.

खरं वेड लावलं ते डूमनं. गेम १९९३ चा, म्हणजे जुनाच. पण करणाऱ्यांनी त्यात एक मोठं डोकं चालवलं होतं. खेळ पळवणारं इंजिन एका बाजूला, आणि नकाशे, भिंती, राक्षस, आवाज हा सगळा माल दुसऱ्या बाजूला, 'वॉड' नावाच्या फाईलीत. ट्रक त्यांचा, पोती तुमची. त्यामुळे जगभरच्या रिकामटेकड्यांनी आपापली पोती भरून पाठवली. जस्टिन फिशर नावाच्या माणसानं तर १९९४ मध्ये अख्ख्या डूमला 'एलियन्स' सिनेमाचा अंगरखा शिवला. माझ्या सीडीवर असे शेकड्यानं नकाशे होते, आणि ते बनवायचं एडिटरही. मी ठरवलं, डूममध्ये आपला मोंढा उभा करायचा.

सुरुवात झकास झाली. डूमचं दार बिजागरीवर फिरत नाही, सरळ वर सरकतं. म्हणजे शटरच की! टेक्सासमध्ये बसून कुणी हा गेम खास आडत्यांसाठीच लिहिलाय, अशी माझी खात्री पटली. शटरांची ओळ मी एका दुपारीत उभी केली. मग माळ्याशी गाठ पडली. डूममध्ये खोलीवर खोली चढतच नाही. एका जागेला एक जमीन, एक छत, संपलं. आमचा सगळा बारदाना तर माळ्यावर. तीन रात्री झटापट केली आणि शेवटी माळा शेजाऱ्याच्या दुकानात काढला. हळदीला पिवळा रंग सापडेना, म्हणून ती तपकिरी झाली. एका भिंतीला चित्र लावायचं राहिलं, तर तिथं चालताना पडदाभर दृश्यं एकमेकांत ओघळायची. नको तिथं आरशांचं दुकान निघालं. मी त्याला 'शेजाऱ्याचा गाळा' असं नाव देऊन विषय मिटवला.

आवाजही गावचाच हवा होता. मुनीमकाका दुपारी वामकुक्षी घेत असताना स्वस्तातला माईक त्यांच्या उशाशी धरून त्यांचा खोकला टिपला आणि तो आग फेकणाऱ्या राक्षसाच्या घशात बसवला. दुकानाच्या टोकाला अण्णांची गादी होती. तिच्यावर डूममधले दोन शिंगवाले, गुलाबी अंगाचे धिप्पाड राक्षस नेऊन बसवले. दोनच का, तर गेमच्या पहिल्या भागाच्या शेवटी दोनच येतात. परंपरा मोडू नये.

(जून १९९९ मध्ये तिकडे मिन्ह ली आणि जेस क्लिफ या दोघांनी हाफ-लाईफ या दुसऱ्यांच्या गेमवर अशीच भर घालून काउंटर-स्ट्राईकची पहिली आवृत्ती सोडली. पुढच्याच वर्षी वॉल्व्ह कंपनीनं ती दुकानात आणली. त्यांच्या-माझ्या वयात फार अंतर नव्हतं, एवढंच सांगतो.)

२६ एप्रिल, सोमवार. १ मे पासून परभणी तोडून हिंगोली जिल्हा होणार होता. अण्णा सकाळीच म्हणाले, "लेटरहेडवर जिल्हा बदलून छापून दे." म्हटलं, आधी सीडीवरच्या एखाद्या गेमचा एक डाव, मग लेटरहेड. गेमवर क्लिक केलं आणि पडदा गोठला. बंद करून चालू केलं, तर नुसता पंखा घरघरला. पडदा काळाकुट्ट.

अण्णा मागे येऊन उभे राहिले. "काय झालं रे?"

त्यांनी एवढंच विचारलं होतं. मी बांध फुटल्यासारखा सुरू झालो. आत दुकान बांधलंय, माळा शेजाऱ्याला दिलाय, सीडीचे पैसे हमालीच्या सुट्ट्यातून घेतले, मुनीमकाकांचा खोकला चोरला, सगळं. "आणि तुमच्या गादीवर दोन राक्षस बसवले. ते वजन त्याला झेपलं नाही बहुतेक."

अण्णा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "एका गादीवर दोघं कामून?"

बाहेर मुनीमकाका खोकले. मी दचकून टेबलाखाली वाकलो.

परभणीचा मेकॅनिक झाकण उघडून म्हणाला, "बायोस गेला." अण्णांनी विचारलं, "कोण?" बोर्ड बदलावा लागला, हार्ड डिस्क कोरी निघाली. घरी मी वर्षानुवर्षं 'राक्षस बसवून कॉम्प्युटर मारणारा' राहिलो.

खरी गोष्ट फार उशिरा वाचनात आली. तो सीआयएच व्हायरस होता, तैवानमधल्या एका विद्यार्थ्यानं लिहिलेला. २६ एप्रिल, म्हणजे चेर्नोबिल दुर्घटनेची तारीख, म्हणून त्याला चेर्नोबिलही म्हणत. विंडोजच्या प्रोग्रॅममधल्या रिकाम्या फटींत तो तुकड्यातुकड्यानं शिरायचा, त्यामुळे फाईलीचं वजन वाढत नसे. काट्यावर घातलं तरी चोरी सापडायची नाही. ठरल्या दिवशी डिस्कचा सुरुवातीचा भाग पुसायचा आणि ठरावीक बोर्डांवर मशीन चालू करणारा बायोसही. चोरीच्या सीड्यांवरून तो जगभर फिरला होता. म्हणजे माझे राक्षस निर्दोष होते! हे मी उत्साहानं अण्णांना सांगितलं. त्यांनी विचारलं, "सीडी कोणी आणली होती?"

हिशेबाचं नुकसान शून्य. सगळं लाल वहीत होतं, टॅलीतल्या तीन नोंदींसकट, आणि तिन्ही बरोबर.

राहिलं लेटरहेड. जुनी छापील पॅडं गठ्ठ्यानं पडून होती. अख्खा मे महिना मी बॉलपेननं 'परभणी' खोडून वर 'हिंगोली' लिहीत बसलो, मुनीमकाकांच्या नजरेसमोर. तिसऱ्या पॅडापर्यंत हात इतका चालला की अनुस्वार एक अक्षर पुढं सरकला, आणि ते कुणाच्याच लक्षात आलं नाही. जूनमध्ये नांदेडच्या एका व्यापाऱ्याचं पत्र आलं. हळदीचा भाव विचारून खाली त्यानं लिहिलं होतं, 'हा हिगोंली जिल्हा कुठं आला?'