शत्रुपक्षाची सोयरीक

माझ्या डोक्यात कादंबरीचं खूळ भरवलं ते एका गोऱ्या साहेबानं, आणि तो १८७६ सालीच वारल्यामुळे त्याला आता जाबही विचारता येत नाही. कर्नल मेडोज टेलर. १८५३च्या तहात निजामानं नळदुर्गचा मुलूख कंपनीच्या हवाली केला, तेव्हा कारभार बघायला हा नळदुर्गात येऊन राहिला. कारभार बघता बघता गड्यानं आमचा सगळा भाग नजरेखालून घातला आणि १८६३ मध्ये 'तारा' नावाची तीन खंडांची इंग्रजी कादंबरी छापून मोकळा झाला. काळ शिवाजी महाराजांचा, गाव तुळजापूर, नायिका तिथल्या शास्त्रीबुवांची बालविधवा मुलगी. नायक कोणाचा मुलगा, हे आमच्या बेंबळी गावच्या पारावर उभं राहून सांगायची माझी छाती नाही. तुळजापुरावर चालून आलेल्या विजापूरच्या त्या खानाचा, एवढ्यावर समजून घ्या.

लिव्हरपूलला जन्मलेला माणूस आमच्या मातीतली प्रेमकथा लिहितो, तर बेंबळीत जन्मलेल्यानं काय फक्त सातबारे काढत बसायचं? शिवाय मराठीत ही वाट चांगली मळलेली होती. हरिभाऊ आपट्यांनी 'वज्राघात'मध्ये विजयनगरचा रामराजा आणि मेहेरजान यांची गाठ घालून पार तालिकोटच्या लढाईपर्यंत वाचकाचा जीव टांगणीला लावला होता. मला नवीन काही करायचं नव्हतं. दोन सैन्यांच्या मधोमध फक्त बेंबळी घालायची होती.

साल धरलं १६२४. नायक परांड्याचा निजामशाही शिलेदार. नायिका नळदुर्गच्या आदिलशाही हवालदाराची लेक. भातवडीला निजामशाहीचा मलिक अंबर आणि विजापूरकर भिडणार, त्याच्या आदल्या पंधरवड्यात नायक रातोरात घोडा फेकत नळदुर्गाकडे निघतो आणि वाटेत बेंबळीला पाणी प्यायला थांबतो. पहिलं प्रकरण हातावेगळं झालं तसं मी ते पारावर वाचून दाखवलं. लेखकाला श्रोते मिळाले की तो सावध राहत नाही.

"निजामाचा माणूस हिरो?" एका आबांनी काठी आपटली. त्यांचे वडील पोलीस ॲक्शनच्या आधी बार्शीच्या बाजूला हद्दीवरच्या कॅम्पात होते. "आमच्या बापानं रझाकाराशी टक्कर दिली, आन् तू निजामाच्या शिपायाला आपली पोरगी देतो व्हय?"

मी समजावलं की हा निजाम तो नव्हे. हा अहमदनगरचा. हैदराबादच्या निजामाचं राज्य त्यानंतर शंभर वर्षांनी, १७२४ला सुरू झालं.

"आसंल. पर नाव तर तेच हाय की," आबा म्हणाले आणि विषय संपला. त्यांच्या दृष्टीनं माझी नायिका पहिल्याच पानावर फसली होती.

मग एस.टी.तून रिटायर झालेले एक कंडक्टर मामा पुढं सरकले. "परांड्याहून नळदुर्गला जायला त्यो बेंबळीला कशाला येतोय? बार्शी, तुळजापूर, नळदुर्ग. सरळ रूट हाय."

"मामा, त्याच्या मागावर शत्रू आहे."

"मग तर बिगीनं जाया पायजे. हितं काय चहा प्यायाला थांबतोय?"

शिलेदाराची वाट मी कशीबशी वाकडी ठेवली, पण शेतात पुन्हा अडकलो. नायक-नायिकेची पहिली भेट मी सोयाबीनमध्ये ठेवली होती. लिहिताना खिडकीबाहेर तेच दिसत होतं, माझा नाइलाज झाला. चुलते म्हणाले, "सोयाबीन? आरं, गावात सगळ्यात आधी म्याच पेरलंय ते." साल चुकलं ते चुकलंच, पण खरी अडचण उंचीची होती. सोयाबीन येतं गुडघ्या-मांडीएवढं. त्यात लपायचं तर दोघांना आडवं व्हावं लागतं, आणि त्या अवस्थेतलं जोडपं घरात वाचायच्या कादंबरीत चालत नाही. म्हणून त्यांना शाळूच्या ज्वारीत हलवलं. हुरड्याचे दिवस, डोक्याच्या वर गेलेलं पीक, कणसांवर चांदणं. त्यावर चुलत्यांचा सवाल आला, "आन् जागल्या?" हुरड्यात आलेल्या ज्वारीला माळ्यावर राखण्या असतोच, आणि पीक हललं की तो डुक्कर समजून गोफण फिरवतो. त्याला आदिलशाहीतला शत्रू आणि निजामशाहीतला मित्र वेगळा कळत नाही. माझा नायक भातवडीच्या आधीच घायाळ झाला.

हे सगळं निभावून नेलं असतं. घात केला तो इतिहासानं. अशा कादंबरीत प्रेमाच्या आड निष्ठा यावी लागते, आणि आड यायची तर निष्ठा निदान प्रकरणभर जागेवर थांबली पाहिजे. मी संदर्भ चाळायला बसलो तर इथं एकही थांबायला तयार नाही. भातवडीत शहाजीराजे निजामशाहीकडून लढले. वर्षभरात आदिलशाहीत गेले. पुढं परत निजामशाही, मध्ये मोगल, आणि १६३६ नंतर कायमचे विजापूरकर. जिजाऊंचं माहेर तर त्याआधीच मोगलांना मिळालं होतं. ज्या माउलीनं सासर-माहेर दोन्ही तंबू वेगळे बघितले, तिची कथा लिहायला माझ्यापेक्षा मोठा हात लागतो, म्हणून मी माझ्या शिलेदारापुरतं बघायचं ठरवलं. तर पुढच्या दहा वर्षांत परांडाच आदिलशाहीत गेला! म्हणजे दुसऱ्या भागात नायक आणि सासरा एकाच धन्याचे चाकर. आता विरह कुठून आणू? अहमदनगरात १५४९ला ओतलेली 'मलिक-ए-मैदान' तोफ परांड्याला होती; १६३२ला तीही विजापूरकरांनी ओढून नेली आणि ती आजही विजापूरच्या बुरुजावर आहे. सुमारे ५५ टन वजनाची तोफ जिथं बाजू बदलते, तिथं माझा साठ-पासष्ट किलोचा गडी किती दिवस एकनिष्ठ राहणार?

निदान एक प्रसंग तरी खणखणीत व्हावा म्हणून आम्ही उभयता नळदुर्गला गेलो. नर-मादी धबधबे सुरू होते, त्यामुळे पाणीमहालाकडं जत्रा लोटलेली. नायिका उपळ्या बुरुजावरून खाली उभ्या असलेल्या नायकाला हाक मारते, ती ऐकू जाते का, एवढंच तपासायचं होतं. बुरुजाच्या पायऱ्या बघून बायको म्हणाली, "नायिका तुम्हीच व्हा." मी धापा टाकत वर गेलो, दम खाल्ला, आणि हस्तलिखित डोळ्यांसमोर धरून ओरडलो, "तुम्ही शत्रूचे असाल, पण माझे आहात!"

खाली एका शाळेची सहल रांगेनं चालली होती. रांग थांबली. एका पोरानं विचारलं, "सर, ते काका कुणाला म्हणतेत?" सरांनी वर बघितलं, बायकोकडं बघितलं आणि मुलांना जरा लांबून वळसा घालायला लावला. बायकोला एक अक्षर ऐकू आलं नव्हतं. तिनं खालून दिलेलं उत्तर मात्र मला, सहलीला आणि बहुधा धबधब्याखालच्या लोकांनाही स्वच्छ कळलं: "डबा गाडीतच राहिलाय!" शेवटी एक रखवालदार वर आला आणि हळू आवाजात म्हणाला, "साहेब, काय आसंल ते घरी मिटवा. वैनी चांगल्या दिसत्यात."

परतल्यावर मी कादंबरी बंद ठेवणार होतो, पण पार सोडेना. एका बैठकीत चुलत्यांनी मुद्द्याचं विचारलं, "ते प्रेम ऱ्हाऊ दे. पोरीचा बाप देणार काय?" मी तोऱ्यात १५२४ची हकिकत काढली. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाचं लग्न विजापूरच्या इस्माइल आदिलशहाच्या बहिणीशी सोलापुरात लागलं. आंदण म्हणून सोलापूरचा किल्ला कबूल झाला. लग्न लागलं, किल्ला काही मिळाला नाही. त्यावरून दोन्ही घरांत लढाया जुंपल्या. पुढं अहमदनगरची चांदबिबी विजापूरला दिली, तेव्हा तोवर नगरकरांनी लढून घेतलेला तोच किल्ला आंदणात उलटा विजापूरला गेला. आणि १६२५ला मलिक अंबरानं तो पुन्हा घेतला.

पारावर एकदम जान आली. निष्ठा, विरह, चांदणं यांवर जांभया देणारी माणसं सरसावून बसली. कोण म्हणालं, विजापूरकरांचं चुकलं, दिला शब्द पाळायचा. कोण म्हणालं, नगरवाल्यांनी अक्षता पडायच्या आधीच तोंड उघडायला पाहिजे होतं. निजामाच्या नावावर भडकलेले आबाही वरपक्षाकडून भांडायला लागले. तालिकोटचं सगळं कारण त्यांना त्या एका आंदणात सापडलं. मी सांगत होतो की तालिकोटला हे दोघं एकाच बाजूनं लढले, पण तोवर मला कुणी विचारत नव्हतं.

सध्या कादंबरी त्यांच्याच ताब्यात आहे, मी फक्त लेखनिक. भातवडीची लढाई तहकूब आहे, शिलेदाराचा घोडा माझ्या दारात उभा आहे आणि नायिकेला अजून कुणी विचारलेलं नाही. मी अधूनमधून म्हणतो, दोघांचं जमलंय, प्रकरण उरकून टाकू. चुलते मान हलवतात. त्यांचं एकच म्हणणं आहे: किल्ला आधी नावावर करून घ्या, फेर ओढून सातबारा हातात पडू द्या, मग अक्षता.