चांदवडात म्हणे गाड्या शिट्ट्या मारू लागल्या!

अहो, ऐकलंत का? नाव कुणाचं घेणार नाही, चांदवड केवढंसं, सकाळी बोललेलं दुपारी ज्याच्या त्याच्या घरी पोचतं. एवढंच सांगते की घरी द्राक्षबाग आहे, कांद्याला बरा भाव लागला आणि पोरगा लग्नाचा आहे. तर त्या घरच्या साध्यासुध्या पेट्रोल गाडीला टर्बो बसवलाय! कंपनीने नव्हे हो, पोराने. तोही भंगारातून उचललेला, कुठल्याशा डिझेल गाडीच्या पोटातून काढलेला. जुनी गाडी, जुना टर्बो, आणि वर हौस मात्र कोरी करकरीत.

पूर्वी गावात शिट्टी मारणाऱ्याच्या कानाखाली बसायची. आता टर्बोमुळे गाडी शिट्टी मारते आणि बाप ओट्यावर बसून पाहुण्यांना विचारतो, "ऐकू आली का?" ज्यांना टर्बो परवडत नाही, त्यांची तर आणखी कमाल. सायलेन्सरच्या तोंडात अॅल्युमिनियमची एक शिट्टी ठोकायची, काही शे रुपयांत काम. आत टर्बो नाही, ताकद नाही, नुसता आवाज. मी त्यांना नावं ठेवणार होते, पण त्यांच्या गाडीचं पाणी तरी उकळत नाही!

कारण खरी बदनामी झाली ती पाण्यापायी. मालेगावचं लग्न लावून मंडळी परत निघाली. मे महिना, दुपारचं ऊन, गाडीत पाच माणसं आणि आहेराची भांडी. राहुड घाटाच्या चढाला लागली आणि तापमानाचा काटा निघाला वर. आता पोराने कुठेतरी ऐकलेलं, की गाडी तापली तर हीटर लावावा. उपाय खरा आहे बरं का, हीटर म्हणजे आतला एक छोटा रेडिएटरच, इंजिनची थोडी उष्णता तो बाहेर काढतो. फक्त ती काढतो माणसांवर! डोक्यावर ऊन, पायांवर गरम वारा, शेजारी पैठणी नेसलेली आई. तिचं तोंड कसं झालं असेल, तुम्हीच बघा. शेवटी घाटात बॉनेट उघडून उभे. वाफ अशी की मागचे ट्रकवाले हात दाखवून जात होते. आणि ओळखीची गाडी जाऊ नये तर तीन-तीन गेल्या!

मग काय, सल्ल्यांचा पूर आला. एक म्हणाला, थर्मोस्टॅट काढून फेका. (हा आपल्याकडचा सर्व रोगांवरचा उपाय. थर्मोस्टॅट बिचारा थंडीत इंजिन लवकर गरम व्हावं आणि मग पाणी रेडिएटरकडे सोडावं एवढंच काम करतो, अडकला तरच गुन्हेगार.) दुसऱ्याने वॉटर बॉडी, म्हणजे पाण्याचा पंप, बदलायला लावली. तिसरा म्हणाला, कूलंट कशाला, विहिरीचं पाणी घाला, थंड असतं. आमच्याकडचं पाणी जड, त्यातले क्षार रेडिएटरच्या नळ्यांना आतून धरतात, मग ते काढायला रॉडिंग करत बसा. चौथ्याने लिंबू-मिरची बांधली, ती रेडिएटरच्या नेमकी पुढे. आईने रेणुकामातेला नारळ फोडला. नारळ चांगला निघाला, आठवड्याने हेड गॅसकेट फुटली.

टर्बोवर मात्र कुणी बोट ठेवेना. घरात जावयाला कसं कुणी काही बोलत नाही, तसं.

शेवटी गाडी गेली एका उस्तादांकडे, महामार्गाला लागून पत्र्याची शेड आहे त्यांची. त्यांनी पान्याला हात लावला नाही. आधी विचारलं, "गाडी तापती कधी?" बघा, एवढे सल्लागार झाले, हा प्रश्न एकानेही विचारला नव्हता! बाजार समितीपाशी ट्रॅक्टरांच्या रांगेत उभी असताना काटा जागेवर. म्हणजे पंखा ठीक. सपाटीला ऐंशीच्या वेगाने काटा जागेवर. म्हणजे थर्मोस्टॅट उघडतोय, पाणी फिरतंय. चढाला, तिसऱ्या गिअरमध्ये, पाय पुरता दाबला की शिट्टी सुरू आणि काटा वर. उस्ताद म्हणाले, "बिघाड काय नाही भाऊ. आग वाढवली, रेडिएटर तोच ठेवला."

आता हे मला समजलं तसं सांगते. टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरणारं चक्र, मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतं, आणि त्याच दांड्यावरचं दुसरं चक्र इंजिनात हवा कोंबतं. हवा जास्त, म्हणून पेट्रोल जास्त, म्हणून ताकद जास्त. फुकट नाही हो काहीच! पेट्रोलच्या उष्णतेतला ढोबळ मानाने तिसरा हिस्सा चाकांना मिळतो, एक हिस्सा धुरातून जातो आणि उरलेला पाण्याला सोसावा लागतो. दीडपट जाळलं तर पाण्यालाही दीडपट सोसायचं. शिवाय हवा दाबली की ती तापते. बाहेर ४० अंश असताना अर्धा बार दाब दिला, तर टर्बोतून निघणारी हवा १०० अंशांच्या आसपास जाते. ती गार करायला इंटरकूलर.

इंटरकूलर होता की! पोराने रेडिएटरला खेटून पुढे बसवलेला, बाहेरून चमकताना दिसावा म्हणून जाळी कापून. म्हणजे येणारा वारा आधी इंटरकूलरवर तापणार आणि तोच तापलेला वारा मागे रेडिएटरला मिळणार. बाजूंनी फटी उघड्या, तेव्हा निम्मा वारा तिकडूनच पळणार. उस्तादांनी दोघांच्या मध्ये टॉर्च धरला. आत काय असावं? कांद्याची टरफलं! कांद्याच्या ट्रॉल्यांमागून रोजचं जाणं-येणं, एकेक पापुद्रा उडून आत गेलेला, धुळीबरोबर चिकटून रेडिएटरच्या बारीक पट्ट्यांवर गुलाबी गोधडी झालेली. चिमट्याने काढली, घमेलंभर निघाली. सांगा, अशी गाडी श्वास घेणार कुठून?

आणखी भानगड पुढेच. ताकद वाढली तशी गाडी चढाला टकटक करायची, म्हणून कुणीतरी टायमिंग मागे घेऊन दिलेलं. टकटक थांबली, पण ठिणगी उशिरा पडली की जाळ सिलिंडरातच पुरता संपत नाही, धुराबरोबर बाहेर येतो आणि मॅनिफोल्ड लालबुंद. पेट्रोलचा पंप जुनाच, वाढलेल्या हवेला पेट्रोल कमी पडतं, कमी पेट्रोलचा जाळ जास्त तापतो. नवी गॅसकेट तरी धड बसली का, ते बघायला गार गाडीचं रेडिएटरचं झाकण उघडून इंजिन चालू केलं. पाण्यात एकसारखे बुडबुडे. जुनी उडाली तेव्हाच हेड वाकलं होतं, फेसिंग करून ते सपाट न करताच नवी गॅसकेट दडपली होती. (झाकण गार असतानाच उघडायचं हं. आत दाब असतो, म्हणून पाणी शंभराच्या वर जाऊनही उकळत नाही, झाकण निघालं की सगळं अंगावर.)

तुम्ही म्हणाल, खेड्यातली पोरं, त्यांना काय कळतं. अहो, मोठमोठ्यांची अब्रू गेलीय यात! टर्बोचं पेटंट आल्फ्रेड ब्यूकी नावाच्या स्विस इंजिनिअरने १९०५ मध्ये घेतलं. अमेरिकेत १९६२ ला ओल्ड्समोबिल जेटफायर निघाली, तिला टकटक होऊ नये म्हणून पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण वेगळ्या टाकीत भरावं लागे. लोक भरायला विसरायचे. शेवटी कंपनीलाच कित्येक गाड्यांचे टर्बो काढून साधे कार्ब्युरेटर बसवून द्यावे लागले. आणि रेनो? १९७७ मध्ये फॉर्म्युला वनच्या शर्यतीत टर्बोची गाडी उतरवली, सिल्व्हरस्टोनला. ती इतक्यांदा वाफा सोडत बंद पडली की इंग्रज मंडळी तिला पिवळी किटली म्हणू लागली. पहिली शर्यत जिंकायला १९७९ उजाडलं. आपली राहुड घाटातली किटली पांढरी होती, एवढाच फरक.

बरं, टर्बोच हवा होता तर कंपनीचा घ्यावा ना! आपल्या नाशिकच्याच कारखान्यातून २००२ ला स्कॉर्पिओ निघाली, ती डिझेलचा टर्बो घेऊनच. तिचा रेडिएटर, पंखा, ऑइल, सगळं त्या हिशेबाने. पण कंपनीच्या टर्बोची शिट्टी हळू ऐकू येते म्हणे. पटतंय का तुम्हाला?

बापाला घाम फुटला तो गॅरेजच्या बिलाने नव्हे. कुणीतरी कायदा वाचून दाखवला. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२, आणि त्यावर सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये सांगितलेलं, की कंपनीच्या मूळ रचनेला सोडून गाडीत बदल चालणार नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर मालकाला दर फेरफारामागे ५,००० रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. बाप ओट्यावर बसून बोटं मोजायला लागला. टर्बो एक, इंटरकूलर दोन, सायलेन्सर तीन... पोरगा म्हणतो, "आप्पा, शिट्टी टर्बोतच आली, ती वेगळी धरू नका!"

तर टर्बो उतरला. हेडचं फेसिंग झालं, रेडिएटर धुतला, टायमिंग जागेवर आलं, गाडी निमूट घाट चढते. आईने पैठणी नेसून खात्री करून घेतली. टर्बो गोणपाटात गुंडाळून कांदाचाळीत ठेवलाय, विकायचा आहे. आणि पहिलं गिऱ्हाईक कोण आलं असेल? तोच हो, थर्मोस्टॅट काढायला सांगणारा! घाटात बॉनेट उघडं बघून सगळ्यांत मोठ्याने हसलेला. त्याच्याकडे गाडी कोणती, माहीत आहे का? मारुती ८००! तीन सिलिंडर, ७९६ सीसी! मी म्हटलं, अहो, तिला सोसेल का? तर म्हणतो कसा, "वहिनी, रेडिएटर मी मोठा टाकणार आहे, ट्रॅक्टरचा."