सोशिक पेट्रोल

नाशिकच्या माणसाचा औषधावर भारी विश्वास. द्राक्षाला जीए, कांद्याला टॉनिक, गुडघ्याला तेल. मग गाडीनेच काय घोडं मारलंय? आमच्या सोसायटीतले काका अधूनमधून स्कूटरच्या टाकीत ऑक्टेन बूस्टरची बाटली उपडी करतात. बाटलीवर आग ओकणारी रेसिंग कार. काकांची रेस इंदिरानगर ते भाजीबाजार, तीही डावीकडून.

"पिकअप जाणवतो," काका म्हणतात. जाणवणारच. एवढे पैसे मोजल्यावर न जाणवून सांगतो कोणाला?

मुळात ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हेच, सोशिकपणा. ठिणगीची ज्योत पोहोचायच्या आत कोपऱ्यातलं पेट्रोल-हवेचं मिश्रण दाबामुळे आपणहून भडकलं, की इंजिन टकटक करतं, हे नॉकिंग. तसं न भडकता दाब सोसायची कुवत ऑक्टेनच्या आकड्यात मोजतात. आयसोऑक्टेन सोशिक, म्हणून त्याला 100 गुण; हेप्टेन शीघ्रकोपी, म्हणून शून्य. काकांच्या स्कूटरचं इंजिन मिश्रणाला जेमतेम दहाव्या हिश्श्यात दाबतं. एवढं तर 91 चं पेट्रोलही कुरकुर न करता सोसतं.

त्यात बाटलीवरचे 'पॉइंट'! या धंद्यात एक पॉइंट म्हणजे पुष्कळदा ऑक्टेनचा दहावा भाग. तीन पॉइंट वाढले म्हणजे 91 चे 94 नव्हे, 91.3.

बरं, देशभर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल आल्यापासून तर बाटलीचं कामच उरलं नाही. इथेनॉलचा ऑक्टेन 108 च्या आसपास, म्हणून ई-20 पेट्रोलचा दर्जा किमान 95 चा. म्हणजे आपल्या दिंडोरीच्या कादवासारख्या साखर कारखान्यांनी काकांच्या टाकीत बूस्टर आधीच ओतलाय, तोही न विचारता. काकांचं खरं दुखणं अॅव्हरेजचं. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी. ती तूट ऑक्टेन वाढवून कशी भरणार?

हा बाटलीचा नाद जुनाच. 1921 मध्ये अमेरिकेत थॉमस मिजली यांनी पेट्रोलमध्ये शिशाचं संयुग घालून नॉकिंग थांबवलं. ते निर्धोक असल्याचं पटवायला 1924 मध्ये पत्रकारांसमोर त्यात हातही धुतले. आधी त्यांना स्वतःलाच शिशाची बाधा होऊन गेली होती, ती गोष्ट वेगळी. आपल्याकडे ते शिसं पंपावरून जायला 2000 साल उजाडलं. आता काही बाटल्यांत मँगनीज किंवा लोखंडाची संयुगं असतात, ती स्पार्क प्लगला विटकरी रंग देतात. प्लग तेवढा देखणा होतो.

ज्याच्या गाडीच्या मॅन्युअलमध्येच 95 हून वरचा ऑक्टेनचा आकडा छापलाय, त्याने पंपावरचं महाग पेट्रोल खुशाल भरावं. बाकीच्यांसाठी द्वारकेजवळच्या आमच्या मेकॅनिकचा इलाज फुकट आहे. कसारा घाटात कोणाची मोटारसायकल टकटक करते म्हटलं, की तो म्हणतो, "चौथ्यावर कशाला रेटता भो? तिसरा टाका ना."

परवा काकांना हे सगळं साग्रसंगीत ऐकवलं. त्यांनी मान डोलावली, बाटली बंद केल्याचं जाहीर केलं आणि वाचलेल्या पैशांतून दोन्ही टायरांत नायट्रोजन भरून आले. हवेत तो मुळातच 78 टक्के असतो, हे सांगायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात काका म्हणाले, "बघ, गाडी किती हलकी झाली!"