पुढच्या सीटचा दांडा

बस जागची हलायच्या आधीपासूनच मी टेबलाची कड धरून बसलो होतो.

"सोडा की ते," ही म्हणाली. "कोण पळवून नेणाराय टेबल?"

सोडलं. ड्रायव्हरनं गाडी चालू केली आणि हात मुकाट परत तिथं गेला. एकतीस वर्षं कोल्हापूर-गारगोटी अप-डाऊन करत मास्तरकी केलेल्या माणसाचा डावा हात त्याचा स्वतःचा राहत नाही, तो एसटी महामंडळाचा होतो. इंजिनाचा आवाज आला की तो पुढच्या सीटचा दांडा शोधतो. इथं कशालाच दांडा नव्हता. पुढ्यात पांढराशुभ्र टेबलपोस, मापाच्या भोकात उभा केलेला काचेचा ग्लास, डोक्यावर काच, बाजूला काच, आणि तळमजल्यावर स्वयंपाकघर. लंडनची डबलडेकर. वरच्या मजल्यावर बसून शहर बघायचं आणि बघता बघता पाच पदार्थ जेवायचे. आमच्या लग्नाच्या तिसाव्या वाढदिवसाची भेट म्हणून चिरंजीवांनी बुकिंग केलं होतं. आकडा त्यानं सांगितला नाही. मी तो त्याच्या मोबाइलवर चोरून पाहिला, शंभरानं गुणला, आणि तेवढ्यात भावकीतलं एक जावळ बकऱ्यासकट उरकलं असतं, अशी मनात नोंद करून गप्प बसलो. बोलणार कुठल्या तोंडानं? मी हे सगळं आधीच गावभर सांगून बसलो होतो.

गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर संध्याकाळी आमचा घोळका असतो. समोर म्हैस पिळून घ्यायची, फेसाचा ग्लास हातात धरायचा आणि तो संपेपर्यंत एकमेकांची उतरवायची. तिथं महिनाभर आधीपासून मी 'चालत्या बसमध्ये फाइन डायनिंग' हे शब्द सहज तोंडातून निसटल्यासारखे सोडत होतो. पहिल्या दिवशी कुणी लक्ष दिलं नाही. दुसऱ्या दिवशी ते जरा मोठ्यानं निसटले.

"म्हंजे बसमध्ये जेवायचं?"

"फाइन डायनिंग."

"मग गारगोटी गाडीत भाकरी-खर्डा खात होतास, ते काय हुतं?"

"ते... नुसतं डायनिंग."

यावर जरा शांतता झाली. मग कोपऱ्यातून खरा प्रश्न आला.

"रस्सा सांडत न्हाई?"

तिकडचे रस्ते चांगले आहेत, असं उत्तर मी दिलं. ते कुणाला पटलं नाही. चांगले रस्ते ही गोष्ट आमच्याकडं ऐकीव आहे.

वाहनात बसून जेवण हा काही विलायतेचा शोध नाही, हे मी तिथंच सांगायला हवं होतं. डेक्कन क्वीन सुरू झाली १ जून १९३० ला. तिच्या डायनिंग कारमध्ये टेबल-खुर्चीवर चीज टोस्ट खाल्लेले पुणेकर अजूनही त्याविषयी न विचारता सांगतात. एसटी सुरू झाली तीही १ जूनलाच, १९४८ साली, पुणे-अहमदनगर. तिला डायनिंग कार नाही, तिला ठरलेला ढाबा आहे. तिथं ड्रायव्हर-कंडक्टरला निराळं टेबल आणि बाकीच्यांना 'फक्त दहा मिंटं'. लंडनच्या सरकारी बसमध्ये दारू प्यायला बंदी आली, तीही १ जूनलाच, २००८ साली. (आमच्या बसला ती लागू नव्हती. शेजारच्या टेबलावरून कळत होतं.) आणि माझा जन्मही १ जूनचाच, पण तो गुरुजींनी दिलेला. शाळेत नाव घालताना आजोबांना एवढंच आठवलं, की त्या साली पाऊस लांबला होता.

असो. बस निघाली ती थेम्सच्या काठानं, व्हिक्टोरिया एम्बँकमेंटवरून. आता माझा इलाज नव्हता. घरच्यांनी निघतानाच बजावलं होतं, की आज राजाराम महाराज काढायचे नाहीत. पण हा रस्ता खुला झाला १८७० च्या जुलैत, आणि आमचे राजाराम महाराज विलायतेला आले तेही १८७० मध्येच! काढले.

निवृत्तीनंतर माणसाला एक तरी विषय लागतो. काहींना मधुमेह मिळतो, मला राजाराम महाराज मिळाले. त्यांचं नाव काढलं की आधी घोटाळा निस्तरावा लागतो. शिवछत्रपतींचे धाकटे चिरंजीव, ताराराणींचे पती, ते राजाराम वेगळे. राजर्षी शाहूंचे चिरंजीव राजाराम, तेही वेगळे. हे मधले. आमच्या राजाराम कॉलेजला ज्यांचं नाव आहे, ते. एवढं सांगून होईपर्यंत समोरचा साधारणपणे घड्याळ बघायला लागतो, पण मी मास्तर आहे. घड्याळ बघणाऱ्यांसमोरच मी आयुष्य काढलंय. तर हे विशीचे महाराज समुद्र ओलांडून आले, राणी व्हिक्टोरियाला भेटले, आणि जे बघितलं ते डायरीत इंग्रजीत लिहीत गेले. कॅप्टन वेस्ट या इंग्रज अधिकाऱ्यानं ती डायरी १८७२ मध्ये लंडनला छापून आणली. मी ती अर्धी वाचली आहे. उरलेली अर्धी वाचल्यासारखी बोलतो.

डायरी छापलेली महाराजांनी पाहिली नाही. परतीच्या वाटेवर इटलीत, फ्लॉरेन्सला, ते आजारी पडले आणि ३० नोव्हेंबर १८७० ला गेले. विसाव्या वर्षी. आर्नो नदीला मुन्योने नावाची लहान नदी मिळते, त्या संगमावर चिता रचली. आपल्याकडं रचतात तशीच, फक्त बघायला आपलं गाव नव्हतं. पुढं १८७४ मध्ये तिथं अर्धपुतळा आणि छत्री झाली. छत्रीचा आराखडा मेजर मँट यांचा. आमच्या नव्या राजवाड्याचा आराखडाही त्यांचाच. तिथून जवळ नदीवर पूल झाला, त्याला फ्लॉरेन्सवाले 'भारतीयाचा पूल' म्हणतात. नाव नाही, गाव नाही. भारतीय.

हे सगळं मला टप्प्याटप्प्यानं सांगायला आवडतं. बसमध्ये तर मी जेवणाबरहुकूम वाटणीच केली होती: सुपाला एम्बँकमेंट, मधल्या पदार्थांना राणी आणि शेवटी गोडाला फ्लॉरेन्स. फ्लॉरेन्सला ऐकणाऱ्याचे डोळे पाणावतात, निदान मी तसं धरून चालतो. त्या वेळी तोंडात गोड असलेलं बरं.

सूप आलं. पेला चहाच्या कपाएवढा, त्यात तळाला सूप. इतक्या लांबून विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मला तिथंच मिळालं: सांडायला आधी असावं लागतं. मी मात्र पेल्यावर नजर ठेवून होतो. गाडी डावीकडं वळली की सूप उजवीकडं चढायचं, एक रेघ ओली करायचं आणि खाली यायचं. काठाला काही शिवेना. तांबड्या रश्शाची वाटी आम्ही काठोकाठ भरतो, वर कटाचा थर, आणि वाढणारा ती ओंजळीत नेल्यासारखी नेतो. त्या माणसाला या बसमध्ये नोकरी मिळणार नाही आणि मिळाली तर तो करणार नाही.

मग कोंबडी आली. भलीमोठी पांढरी ताटली, मधोमध कोंबडीचा एकच तुकडा, भोवती कसल्याशा तपकिरी सॉसची नागमोडी रेघ. पार्लमेंटच्या चौकात बस वळली तशी ती रेघ सरळ झाली. माझा डावा हात टेबलाच्या कडेवर घट्ट. उजव्या हातातल्या सुरीनं मी तुकडा कापायला जायचो, तुकडा ताटभर फिरायचा, मी त्याच्या मागं. कोंबडी जिवंत असताना एवढी पळाली नसेल. दोन टेबलं पलीकडून वेटर हे बघत होता. विशी-बाविशीचा, उंच. तो जवळ आला, माझ्या डाव्या हाताकडं बघितलं, आवाज खाली आणून म्हणाला, "मे आय, सर?" आणि माझ्या हातातली सुरी त्यानं अलगद काढून घेतली.

त्याला वाटलं, माझा डावा हात चालत नाही.

नाही म्हणायला हवं होतं. पण ते पटवायला हात सोडून दाखवावा लागला असता, आणि बस अजून वळतच होती. त्यानं कोंबडीचे सहा सारखे तुकडे केले, काटा माझ्या हातात दिला, ताटली माझ्याकडं वळवली आणि खांद्यावर हलकेच थोपटलं. मी छत्रपतींच्या थाटात मान झुकवली. अंगात कोट होता, स्वतःच्या लग्नातला, १९९४ चा, डांबरगोळ्यांच्या वासाचा. ही रुमालात तोंड घालून हसत होती. चिरंजीवांनी फोटो काढला. फोटोत मी आ वासलेला आहे आणि वेटर वाकलेला आहे, त्यामुळं तो मला भरवतोय असं दिसतं.

एव्हाना बाहेर अंधार पडला होता. आत दिवे, भोवती काच, त्यामुळं बाहेरचं लंडन नीट दिसेना. आम्ही मात्र पेढेवाल्याच्या कपाटातल्या मालासारखे लख्ख दिसत होतो. स्टॉपवरची माणसं मान वर करून बघत होती. खोटं कशाला बोला, सुरुवातीला मला ते आवडलं. मी कोट सारखा केला. राणी व्हिक्टोरियाचं प्रकरण सुरू केलं, तेही स्टॉपवरच्यांना दिसेल अशा हातवाऱ्यांनी. अर्थात एकाच हाताच्या.

सिग्नलला शेजारी लाल डबलडेकर येऊन थांबली. रोजची, नंबराची. वरच्या मजल्यावर, आमच्या बरोबर समोर, हातभर अंतरावर एक पोरगा बसला होता. आपल्याकडचा वाटला, नसेलही. गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र तसंच. गुडघ्यांत प्लास्टिकचा डबा दाबलेला, उजव्या हातात काटा, डब्यात भात आणि काहीतरी पिवळं. डाव्या हातानं त्यानं पुढच्या सीटचा दांडा धरला होता.

मी ग्लास उचलून त्याला चिअर्स केलं. गंमत म्हणून. त्यानं एकदा टेबलाकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि मान खाली घालून खायला लागला.

"कशाला त्याला, पप्पा," चिरंजीव म्हणाले. "मीपण असाच जेवतोय की."

"कुठं?" हिनं विचारलं.

"बसमध्ये. साडेनऊला सुटायचं, घरी पोचायला अकरा होतात. मग कोण करत बसतंय? गाडीतच उरकतो."

"रोज?"

"रोज न्हाई. आठवड्यातनं चार-पाचदा."

"आणि फोनवर सांगतोस, जेवलो म्हणून."

"जेवलेलोच असतोय की गं, आई."

"काय असतं डब्यात?"

"असतं काहीतरी."

सिग्नल सुटला. लाल बस पुढं गेली, आमची पर्यटकांची, ती निवांत. हिनं काटा ताटलीत ठेवला, परत उचलला नाही. एकतीस वर्षं मी गारगोटी गाडीत जेवलो. पण ती भाकरी पहाटे पाचला थापलेली असायची, फडक्यात बांधलेली, मधे खर्ड्याचा गोळा, कांदा वेगळा. कधी अंड्याची पोळी असली तर ती सर्वांत खाली, म्हणजे फडकं सोडल्यावर आधी दिसू नये. डब्यात काय आहे हे मला शाळेतले शिपाईसुद्धा विचारायचे, आणि 'काहीतरी' असं मी एकदाही म्हणालो नाही. मी कट्ट्यावर 'नुसतं डायनिंग' म्हणालो होतो ते हेच.

पोरगं सत्तावीस वर्षांचं आहे. चांगल्या नोकरीत आहे. त्याच्या पगाराचा आकडाही मी शंभरानं गुणून कट्ट्यावर सांगितलेला आहे, दोनदा.

गोड आलं. चॉकलेटचा गोळा, त्यावर सोन्याच्या वर्खाचा ठिपका. वेटरनं माझा चमचा आधीच माझ्या उजव्या हाताशी ठेवला. चिरंजीवांना बहुतेक वाटलं असावं, की आपल्यामुळं वातावरण बिघडलं. तो खुर्ची पुढं ओढून म्हणाला, "पप्पा, फ्लॉरेन्स राहिलं की. सांगा."

आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी आपणहून मागत होतं.

"राहू दे," मी म्हणालो. "त्यात काय एवढं नाही."

तो माझ्याकडं बघतच राहिला. मग तिघांनी मिळून गोळा संपवला. त्या वेळी मी टेबल सोडलेलं होतं, असं ही नंतर म्हणाली. माझ्या लक्षात नाही.

कोल्हापुरात परत आल्यावर कट्ट्यावर हजेरी लागली. फोटो हातोहात फिरला. "कोण भरवतंय रे हे तुला?" झालं. सुरीची हकीकत मी स्वतःच सांगितली, तिखटमीठ लावून. लपवून उपयोग नव्हता, हिनं गल्लीत आधीच सांगितली होती. शेवटी कोपऱ्यातून विचारणा झालीच.

"रस्सा?"

"सांडला न्हाई."

"मग कसलं जेवान ते!" असा निकाल लागला, आणि म्हशीवाल्यानं पुढचा ग्लास भरला.

लाल बसचं मी तिथं काढलं नाही.

आता घरात वेगळीच गडबड आहे. हिनं चिरंजीवांना फोनवर झुणक्यापासून सुरुवात करून दिलीय. रविवारी करायचा, डबे भरायचे, फ्रिजमध्ये ठेवायचे. पण तिथल्या दुकानातल्या मिरचीपुडीनं त्याला रंग येतो, चव येत नाही. मटणाचं काही विलायतेत नेऊ देत नाहीत, तुपालाही हरकत घेतात. चटणी चालते. चटणी म्हणजे आमची कांदा-लसणाची, बाहेरचे तिला मसाला म्हणतात. तेव्हा वाचकांपैकी कुणी येत्या महिन्या-दीड महिन्यात लंडनला जाणार असेल, तर कृपा करून कळवा. एकच पुडकं आहे. तीन पिशव्यांत बांधलंय, तेल सुटत नाही, वास येत नाही. वाण्याच्या काट्यावर दोनदा वजन करून आणलंय: एक किलो चाळीस ग्रॅम, पिशव्यांसकट.